बशीरभाईंची नऊ रिळं

माझी मुलगी मराठीत पहिल्यांदा खदखदून हसली ती बशीर मुकादमांच्या घरी, आणि त्या वेळी मी दाराशी उभा राहून बुटांच्या नाड्या सोडत होतो. मी आत पोचेपर्यंत हसू ओसरलं होतं. खोलीतली माणसं डोळे पुसत होती, मुक्ता बायकोच्या मांडीवर आडवी झाली होती, आणि काय झालं हे मला सांगण्याच्या अवस्थेत कोणीच नव्हतं.

मुक्ता तेव्हा सात वर्षांची होती. जन्म मस्कतचा, शाळा इंडियन, मैत्रिणी केरळच्या नाहीतर हैदराबादच्या. मी मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. हे इथल्या घराघरात चालतं, पण माझं दुखणं थोडं वेगळं होतं. मी आमच्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक प्रमुख होतो. दरवर्षी एकांकिका लिहायचो, बसवायचो, तीन-तीन महिने तालमी घ्यायचो. मुक्ता पहिल्या रांगेत बसून पाच मिनिटांत झोपायची. आणि इथे एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खोलीत तिला हसण्याने उचकी लागली होती.

बशीरभाई आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला होते. मी मस्कतमधल्या कुरुमच्या ऑफिसात इस्टिमेशनला. दोघंही शहराबाहेरच्या माबेलाला राहायचो, म्हणून ते माझ्या गाडीतून यायचे. जायला पाऊण तास, यायला त्याहून जास्त. चौदा वर्षं ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले. उंच, जरासे वाकलेले, दापोलीकडचे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. बिघडलेल्या एसीपाशी गेले की आधी त्याला कान लावायचे, नुसते उभे राहायचे, आणि मग खोलायचे. घरचे सगळे गावी. इथे ते हनीफ नावाच्या एका ड्रायव्हरबरोबर एका व्हिलाच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायचे.

त्या दोन खोल्यांतल्या मोठीत एक सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर होता आणि नऊ रिळं होती. ती त्यांना वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्या अमेरिकनाने दिली होती. हा वॉल्टर तेलाच्या कामावर ओमानात आला आणि इथेच रमला. त्याच्या घरचा एसी बशीरभाई बघायचे. वॉल्टरचा बाप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत न्यूयॉर्कच्या एका टीव्ही स्टुडिओत कॅमेरा चालवायचा. तेव्हाचा टीव्ही म्हणजे सगळा थेट प्रकार. नट उभे, कॅमेरे उभे, घड्याळाचा काटा आला की सुरुवात, आणि जे होईल ते त्याच क्षणी लाखो घरांत. टेप नावाची गोष्ट अजून यायची होती. लांबच्या गावांना कार्यक्रम पाठवायचा तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून तो टिपून घ्यायचे. काम झालं की असली बरीचशी रिळं फेकून द्यायचे. वॉल्टरच्या बापाने फेकायला काढलेल्यांतली नऊ घरी आणली.

वॉल्टर सांगायचा की त्याच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन तिथे जायचे. बशीरभाई म्हणाले, आमच्या गावातही तसंच होतं, फक्त तीस वर्षांनंतर, आणि खुर्च्या नव्हत्या. एवढ्यावर दोघांची दोस्ती झाली. वॉल्टर कायमचा परत गेला तेव्हा प्रोजेक्टर आणि रिळं बशीरभाईंना देऊन गेला.

अडचण एकच होती. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, ती वाचायला प्रोजेक्टरमध्ये एक छोटा दिवा लागतो, आणि तो दिवा केव्हाच गेला होता. बशीरभाईंनी सगळीकडे शोधला. दुबईहून एकाने आणला तो बसेना. म्हणजे चित्र दिसायचं, माणसं तोंडं हलवायची, आणि ऐकू यायची ती फक्त प्रोजेक्टरची टकटक. पहिल्या शुक्रवारी हनीफ आणि आजूबाजूचे चार-पाच जण बघायला बसले आणि दोन मिनिटांत कंटाळून उठायला लागले. तेव्हा बशीरभाई भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि पडद्यावरच्या माणसांच्या वतीने बोलायला लागले.

पुढे हे दर शुक्रवारचं झालं. जुम्म्याची नमाज, जेवण, डुलकी, आणि चार वाजता बशीरभाईंकडे. खिडक्यांना फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे. रत्नागिरी-रायगडची मुसलमान मंडळी, चिपळूणचा एक सुतार, आमच्या बिल्डिंगमधली दोन-तीन कुटुंबं. बशीरभाई मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचे आणि सुरू करायचे. पुरुष, बाई, पोर, टायवाला साहेब, साबण विकणारी, सगळे आवाज त्यांचेच. भाषा त्यांच्या घरची, कोकणी वळणाची मराठी. रिळं नऊच होती, पण एकच रीळ दोन शुक्रवारी सारखं कधी झालं नाही. मागच्या वेळी जो माणूस बॉस होता तो या वेळी सासरा असायचा. कोणी मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागलं तर ते थांबायचे. त्या लोकांना पुसून परत करता येत नव्हतं, म्हणायचे, मग आपण का सवलत घ्यायची? रिळाचं शेपूट फडफडलं की दिवा बंद करायचे आणि दरवेळी तेच म्हणायचे, “खलास. हवेत गेलं.”

सगळ्यांचं आवडतं रीळ एका नवरा-बायकोचं होतं. अमेरिकन जोडपं, बायकोचा घेरदार झगा, नवऱ्याच्या तोंडात पाइप. बशीरभाईंनी तिचं नाव सुलभावहिनी ठेवलं होतं आणि त्याचं बाबू. या रिळात एके ठिकाणी नवरा बाहेरून येतो आणि दार जोरात लावतो. स्टुडिओतली भिंत ती, लाकडाची आणि कापडाची. ती हलते आणि पुढे कलायला लागते. कार्यक्रम तर थेट चाललेला. ती नटी झटकन मागे सरकते, पाठीने भिंत तोलून धरते, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून पुढचा सगळा प्रवेश तिथेच उभी राहून करते. नवरा सोफ्याकडे हात करून तिला बोलावतो. ती मानेने नाही म्हणते.

तिथे बशीरभाई सुलभावहिनींच्या आवाजात म्हणायचे, “मी बसले तर घर बसेल.”

मुक्ता त्या दिवशी हसली ती याच वाक्याला. हे मला बायकोने, नीलिमाने, घरी आल्यावर सांगितलं, आणि सांगताना ती पुन्हा हसली. पुढे हे वाक्य माबेलाभर झालं. कोणाकडे गेलं आणि बस म्हटलं की बायका तेच म्हणायच्या. नीलिमा स्वयंपाकघरातून म्हणायची. मला ते प्रत्येक वेळी टोचायचं. मी वीस वर्षं लिहीत होतो आणि माझं एक वाक्य माझ्याच घरात कोणी दुसऱ्यांदा उच्चारलं नव्हतं.

मुक्ताचं मराठी सुधारत होतं, पण ते बशीरभाईंचं मराठी होतं. एकदा जेवताना ती म्हणाली, “आई, वाईच मीठ दे.” नीलिमाने कौतुकाने दिलं. मी म्हटलं, वाईच नाही, थोडं म्हणायचं. मुक्ताने माझ्याकडे पाहिलं आणि “ओके” म्हणाली.

मी काय करायचो ते सांगतो. गाडीत मी बशीरभाईंना नाटकाबद्दल प्रश्न विचारायचो. त्यांना उत्तर येणार नाही असे. संवादाची लय, पात्राचा हेतू वगैरे. ते लक्ष देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, हे मला माहीत नाही, साहेब, तुम्ही सांगा. मग माबेलाच्याही पुढचं बरका येईपर्यंत बोलावं इतका उत्साह मला यायचा, आणि आम्ही मात्र माबेलालाच पोचलेलो असायचो. उतरताना ते गाडीचं दार अगदी हळू लावायचे. मला त्याचाही राग यायचा.

एक दिवस ते भिंतवालं रीळ मला इंटरनेटवर सापडलं. कुठल्याशा जुन्या संग्रहातली त्याच कार्यक्रमाची दुसरी प्रत, आणि आवाजासकट. मी ऑफिसात दार लावून ते तीनदा ऐकलं. सुलभावहिनी घर बसण्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. नवऱ्याचा साहेब रात्री जेवायला येणार होता आणि ओव्हनमधलं मांस करपलं होतं, एवढाच मामला. वाक्यं सपक होती. मधेच एक बाई येऊन कपडे धुण्याच्या पावडरीचं गुणगान करून जात होती. मला फार बरं वाटलं. म्हणजे या माणसाला काहीच कळत नाही, नुसतं ठोकून देतो, हे सिद्ध झालं होतं.

गुरुवारी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो. म्हटलं, बशीरभाई, तुमच्या रिळाचा खरा आवाज आणलाय. ते चहा ठेवत होते. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्यासमोर बसले. एसीला लावतात तसा कान लॅपटॉपला लावला. चित्राकडे पाहिलंच नाही. ते त्यांना पाठ होतं. भिंत कलते ती जागा आली तेव्हा त्यांनी मला थांबवायला सांगितलं, मागे न्यायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. असं चार वेळा झालं. मी वाट बघत होतो की आता ते म्हणतील, अरेरे, मी भलतंच सांगत होतो.

“घाबरलेय ती,” ते म्हणाले. “दम ऐका तिचा. मी तिला फार धीट केली होती.”

“पण ती बोलते ते वेगळंच आहे,” मी म्हटलं.

“ते तर असणारच. ते त्यांचं आहे.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बशीरभाईंनी तेच रीळ लावलं. सुलभावहिनींची पाठ भिंतीला लागली आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापरा आला. बाबूने बोलावलं. बशीरभाई थांबले. मग अगदी हळू, धाप लपवत, “मी बसले तर घर बसेल.” हसू आलं, पण जरा उशिरा, आणि माझ्या पुढे बसलेल्या दोन बायकांना ते नीट आलंच नाही. एकीने पदर डोळ्यांना लावला. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. त्यांना नामोहरम करायला म्हणून मी जे नेलं होतं त्यानेच त्यांचा खेळ आणखी चांगला झाला होता.

यानंतर मी जे केलं ते लिहायला मला वेळ लागला आहे.

मंडळाच्या स्नेहसंमेलनात बशीरभाईंचा खेळ ठेवावा अशी सूचना आली. मीटिंगमध्ये सगळे खूश होते. मी म्हटलं, यात मराठी काय आहे? अमेरिकन बायकांचे जुने तमाशे आपण मराठीच्या व्यासपीठावर दाखवायचे? शिवाय प्रोजेक्टर तापतो, हॉलवाले परवानगी देणार नाहीत. हॉलवाल्यांना मी विचारलंही नव्हतं. सांस्कृतिक प्रमुख नाही म्हणतो म्हटल्यावर विषय संपला. नंतर हनीफकडून कळलं की बशीरभाईंनी मोठा पांढरा कपडा आणून त्याला चारी बाजूंनी शिलाई मारून घेतली होती. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी गाडीत मी त्यांना म्हटलं की कमिटीचं जमलं नाही. ते म्हणाले, बरं झालं, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माझा आवाज पोचला नसता.

इथवर नुसता क्षुद्रपणा होता. पण त्याच संमेलनात माझी एकांकिका होती. मस्कतच्या एका फ्लॅटमधलं जोडपं, नोकरी जाण्याची भीती, परत जावं की राहावं. शेवटच्या आठवड्यात तालीम बघताना मला कळत होतं की दुसरा प्रवेश मेलेला आहे. नवरा बायकोला म्हणतो, जरा बस ना. आणि बायकोला बोलायला काही नव्हतं. मी वहीत लिहिलं, मी बसले तर घर बसेल. लिहिताना मी स्वतःला सांगितलं की हे आता सगळ्यांच्याच तोंडी आहे, लोकांचं आहे.

पूर्ण एकांकिकेत हॉल हसला तो त्या एका ठिकाणी. टाळ्याही पडल्या. पाचव्या रांगेत बशीरभाई आणि हनीफ बसले होते. मी विंगेतून पाहिलं. बशीरभाई सगळ्यांबरोबर हसले आणि त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

घरी जाताना मुक्ता मागच्या सीटवर होती. तेव्हा ती दहा वर्षांची झाली होती. ती म्हणाली, “बाबा, ते बशीरकाकांचं आहे.” माझ्याशी नेहमी इंग्रजीत बोलणारी मुलगी हे वाक्य मराठीत बोलली. नीलिमा खिडकीबाहेर बघत होती. मी रेडिओ लावला.

कामाच्या पुढच्या दिवशी बशीरभाई नेहमीसारखे गाडीत बसले. एकांकिका चांगली झाली म्हणाले. मी आभार मानले. त्यानंतर आणखी चार वर्षं आम्ही त्याच गाडीतून गेलो-आलो आणि हा विषय कधी निघाला नाही. मुक्ता शुक्रवारी जात राहिली. मी कधी जायचो, कधी काम काढायचो.

यंदा त्यांची साठी झाली. कंपनीने व्हिसा पुढे वाढवला नाही. जाण्याआधीच्या शुक्रवारी शेवटचा खेळ होता. खोलीत माणसं मावत नव्हती, बाहेरच्या पॅसेजमध्येही लोक उभे होते. मी पहिल्यांदाच पुढे, जमिनीवर, सतरंजीवर बसलो. त्यांनी दोन रिळं दाखवली. सुलभावहिनींचं दाखवलंच नाही. लोकांनी मागितलं तर म्हणाले की ते आता सगळ्यांना येतं.

लोक पांगल्यावर मी मागे थांबलो. ते एकेक रीळ हाताने गुंडाळून डब्यात ठेवत होते. मी डब्यांची झाकणं लावायला लागलो.

मी म्हटलं, “त्या मीटिंगमध्ये नको म्हणणारा मीच होतो.”

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत तुम्ही एसीची जाळी माझ्याकडे वळवलीत. त्याआधी कधी वळवली नव्हती.”

मी झाकण लावत राहिलो. मग म्हटलं की ते वाक्यही मी तुम्हाला न विचारता घेतलं. ते रीळ गुंडाळायचे थांबले आणि विचार करायला लागले. मला वाटलं आता ते माफ करतील. मी त्याची तयारीही करून ठेवली होती.

“तुमच्या नाटकातल्या बाईंनी ते फार घाईत म्हटलं,” ते म्हणाले. “त्याने बस म्हटल्यावर तिने जरा थांबायला हवं होतं. तिला बसावंसं वाटतंय हे दिसायला नको?”

त्यांनी पुन्हा रीळ फिरवायला घेतलं. माफीचा विषय त्यांच्या डोक्यातही नव्हता. माझ्या एकांकिकेबद्दल इतकं नेमकं मला आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि ते चार वर्षं हे मनात ठेवून माझ्या शेजारी बसत होते. का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत, असं ते म्हणाले.

जायचा दिवस उजाडला. विमान दुपारचं होतं. मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की विमानतळावर मीच सोडणार. सकाळी मुक्ताला घेऊन गाडीने गेलो तर सामान निघालं ढीगभर. दोन मोठी खोकी, तीन बॅगा, रिळांच्या डब्यांची पेटी. ते सगळं माझ्या गाडीत भरलं. मागची सीट भरली, पुढचीही भरली. बशीरभाईंना बसायला जागाच उरली नाही. हनीफ म्हणाला, मग तुम्ही माझ्या गाडीत या, यल्ला, चला. बशीरभाई चादरीत गुंडाळलेला प्रोजेक्टर मांडीवर घेऊन हनीफच्या शेजारी बसले. मुक्ताने माझ्या गाडीकडे पाहिलं, हनीफच्या गाडीकडे पाहिलं आणि त्यांच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. चौदा वर्षं माझ्या बाजूला बसलेला माणूस शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीतून चालला होता, आणि माझी मुलगीही.

मी त्यांच्या मागोमाग निघालो. हायवेच्या आधीच्या सिग्नलला आम्ही थांबलो. त्यांच्या मागच्या काचेतून मला आतलं दिसत होतं. बशीरभाईंनी एक हात वर केला होता आणि ते मान वळवून काहीतरी सांगत होते. मुक्ताचं डोकं सीटवर मागे गेलं होतं. हनीफचे खांदे गदगदा हलत होते, मग त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. सिग्नल हिरवा झाला. ते हलले नाहीत. शेजारच्या रांगेतल्या गाड्या निघून गेल्या, तरी ते हलले नाहीत.

मागून कोणीतरी जोरात हॉर्न वाजवला. तो मी होतो.